चारचाकी विकून रोज सायकलने ऑफिस : डहाणूकर कॉलनी ते कल्याणीनगर, १२ किमी

बारा_किमी

मंडळी, निर्णय तीन आठवड्यांत घ्यायचा आहे, म्हणून आकड्यांसकट विचारतो.

घर पुण्यात डहाणूकर कॉलनीत, ऑफिस कल्याणीनगरला. एका बाजूने १२ किमी, महिन्याला २२ दिवस, म्हणजे ५२८ किमी. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, १,२०० सीसी, कर्ज फिटलेलं. शहरात लिटरला १३ देते. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर ऑफिसपुरतेच महिन्याला ४,२०० जातात. विमा वर्षाला ९,५००, सर्व्हिसिंग ९,०००. विम्याची मुदत १५ जूनला संपते आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर आहे. ऑफिस सोडून गाडी लागते ती आठवड्यातून एकदा आई-बाबांना दवाखान्यात न्यायला (जाऊन-येऊन २० किमी) आणि वर्षातून सात वेळा साताऱ्याला, दर वेळी दोन दिवस.

सकाळी नऊला निघालं की गाडीने ५०-५५ मिनिटं. ऑफिसला तळघरात पार्किंग आहे, अंघोळीची सोय नाही. उंची ५ फूट ७ इंच, वजन ७८ किलो. घरात २६ इंची, पुढे सस्पेन्शन असलेली जुनी सायकल पडून आहे.

विमा भरायच्या आधी गाडी विकून मोकळं व्हावं का? आणि पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात करणं शहाणपणाचं आहे का?

---

वजाबाकी

तुमच्या प्रश्नात दोन निर्णय एकमेकांत मिसळलेत. ऑफिसला गाडी न नेणं हा एक, आणि दारात गाडीच न ठेवणं हा दुसरा. पहिल्याने वर्षाला ५० हजारांचं पेट्रोल वाचतं आणि त्यासाठी गाडी विकावी लागत नाही. तो उद्यापासून करा.

दुसऱ्याचा हिशेब तुम्ही अर्धाच मांडलाय. विमा आणि सर्व्हिसिंगचे १८,५०० झाले. त्यात बॅटरी धरा : ५,००० रुपयांची, चार वर्षं टिकली तर वर्षाला १,२५०. टायर धरा : चार मिळून १८,०००, आणि गाडी उभी राहिली म्हणून ते जास्त टिकत नाहीत, पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं आणि बाजूला चिरा पडतात. म्हणजे वर्षाला ३,३०० च्या आसपास. यात घसारा मिळवा. आज मिळणारी किंमत आणि पुढच्या मेमध्ये मिळणारी किंमत यात २५-३० हजारांचा फरक पडेल. एकूण ५० हजार. ही गाडी एक किलोमीटरही न हलता खाते ती रक्कम. (धावणं कमी झालं की सर्व्हिसिंग थोडं उतरेल, पण ऑइल वर्षातून एकदा बदलावंच लागतं.)

आता गाडी नसताना काय लागेल ते पाहा. रिक्षाचा सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेला दर पहिल्या दीड किमीला २५ आणि पुढे किमीला १७, म्हणजे दहा किमीला १७०. आठवड्याला ३४०, वर्षाला साडेसतरा हजार. साताऱ्याला स्वतः चालवायची भाड्याची गाडी दोन दिवस घेतली तर पेट्रोल-टोल धरून साडेसहा हजार समजा. सात वेळा झाले ४५,५००. बेरीज ६३ हजार. स्वतःची गाडी ठेवली तर वरच्या ५० हजारांत साताऱ्याचं पेट्रोल-टोल (फेरीला १,७०० धरून १२ हजार) आणि दवाखान्याचं पेट्रोल (८,३००) मिळवावं लागेल. म्हणजे ७० हजार.

७० विरुद्ध ६३. फरक इतका थोडा आहे की पैशावर हा निर्णय होत नाही. तो साताऱ्यावर होतो. सातांपैकी चार फेऱ्या स्वारगेटहून एसटीने होणार असतील तर विकण्यात वर्षाला तीसेक हजारांचा फायदा आहे. सातही वेळा आई-बाबा आणि सामान सोबत असेल, तर गाडी विकून हाती काही लागणार नाही, उलट दर वेळी भाड्याची गाडी शोधण्याची दगदग वाढेल. हा प्रश्न घरात बसून सोडवा. बाकीचे आकडे त्यानंतर.

विम्याबद्दल नीट वाचा, कारण इथेच लोक नुकसान करून घेतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी विकल्यावर कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नवीन गाडीच्या विम्याला लावता येतं. पण गाडी न विकता स्वतःच्या नुकसानीचा विमा बंद ठेवलात, तर मुदत संपल्यापासून ९० दिवसांनी पन्नास टक्के शून्यावर येतात. थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) मात्र एक दिवसही चुकवायचा नाही. तो कायद्याने सक्तीचा आहे, आणि गाडी सोसायटीबाहेर रस्त्यावर उभी असली तरी लागतो. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला जून २०२२ मध्ये ठरलेला दर वर्षाला ३,४१६ रुपये, वर जीएसटी.

म्हणजे १५ जूनला नुसता थर्ड पार्टी भरून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबता येतं. या काळात गाडी चोरीला गेली किंवा झाड पडलं तर एक पैसा मिळणार नाही, आणि पुन्हा पूर्ण विमा घेताना कंपनी गाडीची तपासणी करेल. हा धोका झेपणार नसेल तर सरळ पूर्ण विमा भरा आणि ऑक्टोबरमध्ये ठरवा. मी दुसरा पर्याय निवडायला सांगेन. साडेपाच हजार वाचवण्यासाठी पुण्याच्या पावसाळ्यात झाडाखाली विनाविमा गाडी ठेवू नये.

---

आरसीबुक

वजाबाकींचा हिशेब मान्य, पण निष्कर्ष नाही. ऑक्टोबरपर्यंत गाडी दारात असली की जून-जुलैत पहिल्या जोरदार सरीला किल्ली हातात येते, आणि मग "आज अपवाद" आठवड्यातून तीनदा होतो. सायकलचं वेळापत्रक मोडतं ते गाडी समोर असल्यामुळे. विकायची नसेल तर निदान किल्ली ऑफिसच्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे ठेवा.

विकलीत तर कागद असे. खाजगी खरेदीदार असेल तर मालकी बदलाचे फॉर्म २९ (दोन प्रतींत) आणि फॉर्म ३०. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत असेल तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवा. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला असं नसतं. विक्रीच्या दिवशी कळलं तर व्यवहार दोन-तीन आठवडे अडकतो. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्याला देत असाल तर एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९ सी आहे. तो भरून पोच घेतली की पुढचं नाव चढेपर्यंतची जबाबदारी त्या विक्रेत्यावर जाते. पोच न घेता नुसत्या सह्या करून गाडी देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, आणि गाडी तीन हात पुढे गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते.

फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. काचेवर चिकटलेला टॅग पुढच्या मालकाच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून कापत राहतो.

---

डावी_बाजू

पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात करू नका असं सगळे सांगतील. माझं मत उलट आहे, पण तुमच्या बाबतीतच, कारण तुमच्या दोन्ही टोकांना मेट्रो आहे. आयडियल कॉलनी किंवा नळस्टॉप ते कल्याणीनगर ही एकच मार्गिका, मध्ये बदलायचं नाही. म्हणजे घरातून निघताना मुसळधार असेल तर सायकल घरी आणि तुम्ही मेट्रोत. ऑफिस सुटताना मुसळधार असेल तर सायकल ऑफिसच्या तळघरात कुलूप लावून मेट्रोने घरी. गाडीची आठवणच येणार नाही. फक्त तळघरात पाणी शिरतं का हे सुरक्षारक्षकाला आधी विचारा.

मे महिन्यातले उरलेले दिवस रस्ता शिकण्यात घालवा. पहिली फेरी रविवारी सकाळी सात वाजता, रिकाम्या रस्त्यावर. दुसरी पुढच्या शनिवारी. मग आठवड्यातून दोन दिवस, सलग नव्हे. पाच दिवसांवर यायला चार आठवडे द्या. ढुंगणाची हाडं आणि मनगटं सरावायला तेवढा वेळ लागतोच.

कर्वे रस्ता डेक्कनकडे उतरता आहे, त्यामुळे सकाळी वेग मिळतो आणि संध्याकाळी तोच चढ थकल्यावर येतो. हे धरून संध्याकाळला दहा मिनिटं जास्त द्या. जाताना गुडलक चौकातून फर्ग्युसन रस्ता, मग कृषी महाविद्यालय, सिमला ऑफिस, इंजिनिअरिंग कॉलेज, संगम पूल, आरटीओ, स्टेशनचा भाग, बंडगार्डन, येरवडा. येताना शिवाजीनगरहून जंगली महाराज रस्ता. दोन्ही रस्ते एकदिशा आहेत, आणि उलट दिशेने सायकल घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेऊ नका. उलट येणारी सायकल वळणाऱ्या चालकाला दिसतच नाही, कारण तो त्या बाजूला बघतच नसतो. नळस्टॉपला उड्डाणपुलावर चढू नका, खालून जा. सिग्नलसकट सरासरी ताशी १५-१६ पडते, म्हणजे ४५ ते ५० मिनिटं. गाडीइतकाच वेळ, आणि तो रोज तेवढाच.

म्हात्रे पूल ते भिडे पूल नदीपात्रातला रस्ता कर्वे रस्त्यापेक्षा मोकळा वाटेल. जून ते सप्टेंबर त्यावर विसंबू नका. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की आधी भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ता बंद होतो.

रस्त्यावर कडेला चिकटून चालवू नका. कडेपासून जवळजवळ एक मीटर आत राहा. कडेला खडी, काच, गटाराची झाकणं आणि उभ्या गाड्यांची अचानक उघडणारी दारं असतात. आणि तुम्ही जितके कडेला जाल तितकी मागची गाडी तुम्हाला घासून पुढे काढली जाते. पीएमपीच्या बसला डावीकडून ओलांडणं पूर्ण वर्ज्य. बस थांब्याकडे वळली की तुमच्यासाठी जागा उरत नाही आणि चालकाला आरशात सायकल दिसत नाही. उजवीकडे वळायचं असेल आणि वाहतूक दाट असेल तर सरळ चौक ओलांडा, पलीकडे डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकलचं तोंड वळवा आणि त्या बाजूच्या सिग्नलबरोबर निघा. अर्धा मिनिट जातो, पण चार रांगा कापाव्या लागत नाहीत.

पावसात घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : झेब्रा पट्ट्यांचा रंग, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे, गटाराची झाकणं आणि पहिल्या सरीनंतर रस्त्यावर वर आलेलं तेल. यांच्यावरून जाताना ब्रेक नाही, वळण नाही, पेडल नाही. सायकल सरळ ठेवून जाऊ द्या. आणि तळ दिसत नाही अशा पाण्यात चाक घालू नका. उघडं गटार वरून सारखंच दिसतं.

दिवे ही चैनीची गोष्ट नाही. मागे दोन लाल दिवे, एक सीटखाली आणि एक हेल्मेटवर किंवा पिशवीवर, कारण एकाचं चार्जिंग वाटेत संपतंच. पुढे ३००-४०० ल्युमेनचा, थोडा खाली झुकवलेला. चमकणारे पट्टे जॅकेटपेक्षा घोट्यांना बांधा. वरखाली हलणारी चमक पाहिली की मागच्याला लगेच कळतं की समोर सायकल आहे.

---

ट्रुइंग_स्टँड

सायकलबद्दल सांगतो. घरातली २६ इंची आधी वापरा, नवीन लगेच घेऊ नका. तीन आठवडे तिच्यावर काढल्यावर तुम्हाला काय हवंय ते तुम्हालाच कळेल. फक्त चार कामं करून घ्या : दोन्ही चाकांची आउट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं), हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) नवं ग्रीस, ब्रेक रबर आणि सगळ्या केबल. आणि खडबडीत टायर काढून २६×१.७५ चे गुळगुळीत टायर टाका. डांबरावर गोट्यांचा टायर नुसता आवाज करतो आणि तुमची ताकद खातो. या एका बदलाने ताशी दोन-तीन किमीचा फरक पडतो.

नवीन घ्यायची वेळ आली तर हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधली), पुढे सस्पेन्शन नसलेला साधा फोर्क, ७००×३५ किंवा ३८ चे टायर. स्वस्त सायकलचं सस्पेन्शन म्हणजे दोन किलो लोखंड आणि आत एक स्प्रिंग. चढावर पेडल मारलं की ताकद त्यात जाते आणि दोन पावसाळ्यांत आतून गंजून ते घट्ट बसतं. खड्ड्यांचा दणका रुंद टायर आणि योग्य हवा जास्त चांगला झेलतात. तुमच्या वजनाला ७००×३५ मध्ये मागे ६० ते ६५ पीएसआय, पुढे ५० ते ५५. आठवड्यातून एकदा पंपाने मोजून भरा. अंगठ्याने दाबून ४० आणि ६० मधला फरक कळत नाही.

दुकानात एक गोष्ट नक्की विचारा : मागच्या हबला फ्रीव्हील आहे की कॅसेट (गिअरची दातेरी चक्रं हबवर बसवण्याचे हे दोन प्रकार). स्वस्त सात गिअरच्या सायकलींना फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचे छर्रे फ्रेमपासून बरेच आत बसतात, त्यामुळे ॲक्सलचा बाहेरचा भाग आधाराशिवाय लोंबतो. ७८ किलो वजन, वर लॅपटॉप आणि रोजचे खड्डे, की ॲक्सल आधी वाकतो आणि मग तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं. रोज २४ किमीसाठी त्याचे जास्तीचे पैसे द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

व्हॉल्व्ह पाहा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, वर फिरकी असलेला असेल तर पितळी ॲडॉप्टर कायम व्हॉल्व्हवर किंवा किल्लीच्या जुडग्यात ठेवा.

पंक्चरचे दोन प्रकार ओळखा. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या काठावर रिमने ट्यूब चिमटली. एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा तार. ट्रकच्या झिजलेल्या टायरांतून सुटलेल्या केसासारख्या पोलादी तारा रस्त्यावर असतात. त्या टायरमध्ये तशाच राहतात आणि नवी ट्यूबही अर्ध्या तासात बसते. म्हणून ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून कापूस किंवा फडकं फिरवा. जिथे अडकेल तिथे तार. वाटेत पॅच लावत बसू नका. एक जास्तीची ट्यूब, दोन प्लॅस्टिक लिव्हर, छोटा पंप आणि नट असतील तर १५ नंबरचा पाना जवळ ठेवा. ट्यूब बदला, पॅच घरी लावा. पॅच सुटतो त्याचं कारण जवळपास नेहमी एकच : सोल्यूशन ओलं असतानाच दाबला. घासपेपरने घासा, पातळ थर द्या, चार-पाच मिनिटं हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा.

चेन. आधी पुसायची, मग तेल. प्रत्येक कडीच्या रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि घासपेपरचं काम करतं. गाडीचं जुनं काळं ऑइल अजिबात नको, त्यात धातूचा कीस असतो. कोरड्या दिवसांत दर २०० किमीला, पावसात भिजलेल्या प्रत्येक दिवसानंतर पुसणं आणि दोन-तीन दिवसांनी तेल. झीज मोजायला स्टीलची पट्टी पुरते. १२ इंचांत बरोबर २४ कड्या बसतात. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. चोविसावी पिन १२ इंचांच्या पुढे १/१६ गेली असेल तर चेन बदला. १/८ गेली असेल तर कॅसेटही गेली, कारण लांबलेली चेन दातांना स्वतःच्या मापाने कोरते. तुमचं वर्षाचं सहा हजार किमीच्या वर होईल, म्हणजे दोन चेन धरा, त्यातली एक पावसाळ्यानंतर.

रिम ब्रेक असतील तर पावसात दर आठवड्याला ब्रेक रबर काढून पाहा. त्यात रुतलेले वाळूचे कण आणि ॲल्युमिनियमचे चकाकते तुकडे टाचणीने काढा, नाहीतर रिमवर खोल रेघा पडतात. डिस्क ब्रेक असतील तर चेनला तेल देताना डिस्कवर एक थेंबही उडू देऊ नका. पॅडने तेल शोषलं की ते टाकूनच द्यावे लागतात.

मडगार्ड पूर्ण लांबीचे. पुढच्याला खाली रबराची झालर लावा, जमिनीपासून चार बोटं वर. पायांवर आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या दांड्या ज्यात फिरतात त्या सांध्यावर) उडणारा चिखल तिथेच थांबतो.

---

बारा_किमी

खूप आभार. साताऱ्याचं घरात बोललो. चार फेऱ्या एसटीने चालतील, तीन वेळा गाडी लागेल. म्हणजे हिशेब विकण्याकडे झुकतो, पण पूर्ण विमा भरून ऑक्टोबरपर्यंत थांबेन आणि किल्ली बहिणीकडे ठेवेन.

रविवारी पहिली फेरी झाली, ४४ मिनिटं. दोन गोष्टी उरल्या. येताना कर्वे रस्त्याच्या चढावर उजवा गुडघा पुढून, वाटीच्या खाली दुखला. त्यावर एकाने ई-सायकल सुचवली. आणि घामाचं काय?

---

ट्रुइंग_स्टँड

गुडघा पुढून दुखतो म्हणजे बहुधा सीट खाली आहे. (मागून, खोबणीत दुखला असता तर सीट वर आहे असं म्हटलं असतं.) भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये सीटइतकं घट्ट वर ओढा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंमी आलं तर ७०.६. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, तेवढं अंतर ठेवा. एकदम तीन-चार सेंमी वाढवू नका, दर दोन दिवसांनी एक सेंमी. सिग्नलला बसल्या-बसल्या दोन्ही पाय टेकले पाहिजेत या समजुतीने लोक सीट खाली ठेवतात. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं.

दुसरं कारण जड गिअर. मिनिटाला पाय ७५-८० वेळा फिरले पाहिजेत. पंधरा सेकंद मोजा; उजवा पाय एकोणीस-वीस वेळा खाली आला पाहिजे. कमी येत असेल तर चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा. चढावर जोर देत असताना बदललात तर चेन उतरते.

दोन्ही सुधारूनही दहा-बारा दिवसांत दुखणं गेलं नाही, किंवा गुडघा सुजला, तर डॉक्टरांना दाखवा.

---

वजाबाकी

ई-सायकलचा नियम आधी. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तरच ती कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. मग लायसन्स, नोंदणी, विमा काही लागत नाही. दुकानदार "लॉक काढून ४० करून देतो" म्हणाला तर नको म्हणा. त्या क्षणी ती विनानोंदणी मोटारसायकल होते.

बॅटरीचं गणित असं : ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास म्हणजे २८० वॉट-तास. पेडल मारत चालवली तर किमीला ८-१० वॉट-तास, नुसत्या थ्रॉटलवर (पेडल न मारता मोटरवर) १२-१५. तुमची रोजची २४ किमी पेडल मारून जेमतेम बसते, थ्रॉटलवर नाही, आणि बॅटरी जुनी झाली की पेडल मारूनही नाही. म्हणून घ्यायचीच तर किमान ३६० वॉट-तासांची, निघणारी बॅटरी असलेली, म्हणजे वर नेऊन टेबलाजवळ चार्ज करता येईल. वजन २० किलोच्या वर जातं. लिफ्ट बंद असताना दोन मजले उचलता येते का, हे दुकानातच उचलून पाहा.

पण सीट आणि गिअर दुरुस्त न करता ई-सायकल घेऊ नका. खाली असलेल्या सीटवर मोटरनेही गुडघा दुखतो.

---

डावी_बाजू

घामाला साबणापेक्षा वेळ लागतो. शरीर थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटं घाम येतच राहतो. पोहोचल्याबरोबर शर्ट बदललात तर तो दुसराही भिजतो. म्हणून येरवड्यापासून पुढचे दोन किमी मुद्दाम हळू, हलक्या गिअरवर. मग पंखा किंवा एसीखाली पंधरा मिनिटं त्याच कपड्यांत बसा, पाणी प्या, नंतर ओल्या नॅपकिनने मान, काखा, पाठ पुसून कपडे बदला. यासाठी घरून सव्वाआठला निघा. मे महिन्यात पाऊण तासाचा तो फरक उन्हातही जाणवतो.

पाठीवर सॅक नको. अर्धा घाम तिच्याखालीच येतो. मागे कॅरिअर, त्याला अडकवायची पाणी न शिरणारी पिशवी, आणि पेडल मारताना टाच पिशवीला लागत नाही ना हे पाहून ती मागे सरकवा. लॅपटॉप फोमच्या कव्हरमध्ये, पिशवीच्या तळाला टेकणार नाही असा, आणि पूर्ण बंद करून. झोपवून ठेवलेला लॅपटॉप बंद पिशवीत स्वतःहून जागा होऊन तापतो. आठवड्याचे कपडे आणि बूट सोमवारी मेट्रोने नेऊन ठेवा, शुक्रवारी मेट्रोने परत. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस तसेही मेट्रोचे, आणि सायकलचे तीन. पहिल्या पावसाळ्यात तीनच ठेवा.

पावसात जॅकेट-पँट. पोंचो नको, तो वाऱ्यात चाकात जातो. पण अंगावर रबरासारखं जाड रेनसूट घातलंत तर आतून तितकेच भिजाल. काखेत झिप असलेलं पातळ घ्या. आणि कुलूप यू आकाराचं, फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून. केबल कात्रीने कापता येते. बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेल्या फ्रेम नंबरचा आणि बिलाचा फोटो आजच काढून ठेवा, पोलीस तक्रारीत पहिल्यांदा तोच विचारतात.